वाळवीने न खाल्लेला कागद

१२ सप्टेंबर

अखेर होकार आला! रबराच्या मळ्यात आणि ओढ्याकाठच्या उरलेल्या जंगलात वाळवी मोजायची परवानगी मला मिळाली. यात माझ्या शिक्षणाचा वाटा किती आणि ताईच्या नवऱ्याचा किती, याचा विचार मी करणार नाही. भाऊजी त्या मळ्याचे मॅनेजर आहेत. फोनवर म्हणाले, "ये, वाळवीबाई, ये. लोक माझ्याकडे वाळवी मारायचं औषध मागतात. मोजायला मागणारी तू पहिलीच."

मळ्याच्या जागी पूर्वी जंगलच होतं. झाडं पाडली, ओंडके जाळले, जमीन सपाट केली आणि रबराच्या रांगा उभ्या राहिल्या. उरला तो ओढ्याच्या दोन्ही अंगांचा जंगलाचा पट्टा. आता कंपनीला तोही हवाय. माझं म्हणणं असं, की या पट्ट्यातूनच वाळवी आणि मुंग्या रबरात येतात, मेलेलं लाकूड आणि पाचोळा जमिनीत नेतात, जमिनीला हजार भोकं पाडतात, म्हणून तिथे पाणी मुरतं. पट्टा गेला तर मळ्याची जमीन फरशी होईल. भाऊजींचं म्हणणं असं, की वाळवी ती वाळवी.

दुपारी ताईकडे जेवायला कंपनीच्या मुख्य कचेरीतल्या मोठ्या बाई होत्या. पट्ट्याचा निर्णय त्यांच्या हातात आहे. बारीक चण, मोजकं बोलणं, समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत पापणी न हलवणं. "हे सिद्ध कसं करणार?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "टॉयलेट पेपरचे रोल पुरून." भाऊजींना ठसका लागला. मी मात्र सगळं नीट समजावून दिलं. वाळवीच्या लेखी कागद म्हणजे लाकूडच, तेही आयतं मऊ केलेलं. जंगलात, जंगलालगतच्या रबरात आणि लांबच्या रबरात सारखेच रोल पुरायचे, महिन्याभराने काढायचे, कुठे किती खाल्लेत ते बघायचं. जगभर हीच रीत आहे.

"आणि कुणीच खाल्ले नाहीत तर?"

"तर खुशाल तोडा पट्टा," मी म्हटलं. ताईने टेबलाखालून मला लाथ मारली. पण मला माझी वाळवी माहीत आहे. ती जेवायला नाही म्हणायची नाही.

१५ सप्टेंबर

रोल आले. मी आमच्या संशोधन संस्थेच्या कचेरीत कामात अडकले होते, म्हणून खरेदी आईवर सोपवली होती. आई शिवणकाम करते, त्यामुळे घाऊक बाजारातली अर्धी दुकानं तिच्या ओळखीची. "साधे, पांढरे, नक्षी नसलेले आण," एवढं तीनतीनदा बजावलं होतं. तसेच आणलेत. शिवाय वेष्टनं काढून गोण्यांत भरून ठेवलेत. "तेवढंच तुझं काम वाचलं," म्हणाली. एरवी माझ्या कामाला 'किडे उकरणं' म्हणणारी बाई इतकी मदत करते आहे, हे नवलच.

फक्त गोण्या माझ्या पलंगाशी, अगदी उशाला रचल्यात. पडवीत एवढी जागा मोकळी असताना! विचारलं तर म्हणते, "तिथे ओल लागेल." ओल लागलेले रोल वाळवीला जास्तच आवडतात हे तिला कोण सांगणार? राहू दे.

गेल्या वर्षीच्या तापाने माझा वास नेला. नाक जागेवर आहे, काम करत नाही. डॉक्टरांनी छोट्या छोट्या बाटल्या दिल्या आहेत, गुलाब, लिंबू आणि आणखी कसले कसले अर्क. सकाळ-संध्याकाळ हुंगत बसायचं, म्हणजे मेंदूला वासांची पुन्हा ओळख पटते म्हणे. आठवडाभर हुंगल्या. पाणी हुंगल्यासारखं वाटलं. बाटल्या खणात टाकल्या आणि घरात जाहीर केलं, की वास हा शब्द माझ्यासमोर काढायचा नाही. लोकांची ती कीव करणारी तोंडं मला सहन होत नाहीत. आईने तेवढ्यापुरतं ऐकलं. पण अजून रोज कसलं ना कसलं निमित्त काढून त्या खणाकडे बघते.

१९ सप्टेंबर

आज रोल पुरले. कंपनीने जीप आणि जीपवाला दिलाय. गृहस्थ माझ्याच वयाचे, खोदायला दणकट, पण गोण्या जीपमध्ये चढवल्यापासून शिंकायला लागले ते थांबेचनात. मी त्यांचं नाव शिंकोबा ठेवलं. त्यांनी ते मुकाट्याने स्वीकारलं.

अर्ध्या वाटेत म्हणाले, "मॅडम, या गोण्यांना कसला वा—"

"शिंकोबा," मी म्हटलं, "या जीपमध्ये तो विषय नको. मला वास येत नाही, आणि त्यावर बोलायलाही आवडत नाही."

बिचारे एकदम गप्प झाले. नंतर दिवसभर रुमाल नाकाला बांधून खोदत होते. धुळीचा इतका त्रास असलेल्या माणसाला कंपनी मळ्यात का ठेवते कोण जाणे.

जंगलात मन हरखून गेलं. एका कुजक्या खोडाखाली वाळवीचे कामकरी धावपळ करत होते. आंधळे, पण रांग कुठे मोडत नव्हती. त्यांचं सगळं जग वासावर चालतं. वाट, घर, शत्रू, जेवण, सगळं काही. माझ्यासारखी एखादी त्यांच्यात जन्मली असती तर पहिल्याच वळणावर हरवली असती.

लांबच्या रबरात मात्र जमीन अशी घट्ट, की कुदळीने ठिणगी उडावी. पाचोळ्याचा थर तसाच पडून. उचलून नेणारं कुणी नाही.

६ ऑक्टोबर

लिहिण्यासारखं काही नाही. रोल जमिनीत, मी कचेरीत. आईचं मात्र वय झालं बहुतेक. दूध करपवते आणि मलाच विचारते, "काही जळतंय का गं?" काल कांदा माझ्या ताटाशी आणून चिरत बसली. परवा धुतलेली उशीची खोळ माझ्या तोंडासमोर धरून म्हणाली, "स्वच्छ निघाली का बघ." अगं, डोळ्यांनी बघायचं तर तोंडात कशाला कोंबतेस?

२३ ऑक्टोबर

काय लिहू?

आज रोल काढले. लांबच्या रबरातले जसे पुरले तसे निघाले. ठीक, हेच अपेक्षित होतं. जंगलालगतच्या रबरातलेही तसेच. मग जंगलात गेलो. पहिला रोल अख्खा, दुसरा अख्खा. मी गुडघ्यांवर बसून हातांनी उकरायला लागले. ओले, मातीने माखलेले, पण एक घास कमी नाही! आणि तिथून हातभर अंतरावर खोडाखाली तीच वाळवी, तेच कामकरी, मजेत लाकूड खाताहेत. माझ्या रोलांना वळसा घालून त्यांनी आपली वाट काढली होती.

शिंकोबा म्हणाले, "मॅडम, यांना आवडला नाही वाटतं."

वाळवी कागद नाकारते! मी वीस वर्षं हे काम करते आहे, असं कधी पाहिलं नाही. घरी आल्यावर जेवले नाही. आईने विचारलं, "रोल संपले का सगळे?" मी म्हटलं, "एकही संपला नाही, कुणी खाल्लाच नाही." तिचा चेहरा उतरला. माझ्या कामाची तिला इतकी काळजी असेल असं वाटलं नव्हतं.

२४ ऑक्टोबर

भाऊजींच्या आनंदाला पारावार नाही. "इतक्या वर्षांत तुझं-माझं पहिल्यांदाच एकमत झालं," म्हणाले. "मी म्हणत होतो, त्या पट्ट्यात काही नाही. आता शास्त्रही तेच म्हणतंय." मी म्हटलं, वाळवी तिथे आहे, चला, डोळ्यांनी दाखवते. ते हसले. "दिसते म्हणून काय झालं? कसोटी तूच ठरवलीस, मोठ्या बाईंसमोर. मी तर तेव्हा खोकत होतो."

खरं आहे. माझाच धोंडा, माझाच पाय.

बुलडोझर पुढच्या आठवड्यात येणार. पट्टा तोडून तिथेही रबर लावलं, की भाऊजींना मुख्य कचेरीत बढती मिळेल, असं ताईने हळूच सांगितलं. ताईला शहरात राहायला जायचं कधीपासून मनात आहे. तरी तीच मला निरोप देताना म्हणाली, "हरू नकोस गं. मला रोज सकाळी त्या झाडीतले पक्षी ऐकायची सवय झालीय."

२७ ऑक्टोबर

तीन शक्यता. एक, मला माझं काम येत नाही. दोन, वाळवीला येत नाही. तीन, मळ्यातल्या औषधांनी जंगलातली वाळवी आजारी पडली. पण आजारी वाळवी लाकूड इतक्या आवडीने खात नाही. दुसरी शक्यता मीच हास्यास्पद म्हणून खोडली. उरते पहिली.

आजवर कचेरीत इतरांच्या चुका काढताना मी नाकाने कांदे सोलत आले. आता माझ्या शून्यांकडे बघून तेच लोक गालातल्या गालात हसताहेत. त्याचं एक वेळ काही नाही. पण जंगल माझ्या नावाने तोडलं जाणार, हे काही केल्या मनातून जात नाही. मी नुसती गप्प राहिले असते तर त्या पट्ट्याचं जास्त भलं झालं असतं.

३० ऑक्टोबर

आज हसावं की रडावं कळेना. बुलडोझर आणणारा ट्रेलर रुतला! जंगलाकडे जायचा एकमेव रस्ता लांबच्या रबरातून जातो. परवापासून पाऊस लागलाय. तिथलं पाणी मुरतच नाही, वरच्या वर चिखल होऊन साचतं. ट्रेलरची चाकं चिखलात गेली, ओढायला आणलेला ट्रॅक्टर गेला, आणि ओझं हलकं करायला बुलडोझर खाली उतरवला तर तोही कलंडून ओहोळात बसला. भाऊजी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते आणि सगळ्यांना एकाच वेळी उलटसुलट सूचना देत होते.

मी लोखंडी सळई घेऊन फिरले. लांबच्या रबरात दोन बोटं खाली जाऊन ठण्ण. पट्ट्यालगतच्या रबरात त्याच पावसानंतर जमीन मऊ आणि वर पाण्याचा टिपूस नाही. सळई नुसत्या वजनाने खाली गेली. म्हणजे खाली भोकं आहेत. म्हणजे कुणीतरी पाडलीत. मग त्या कुणीतरीने माझा कागद का खाल्ला नाही?

भाऊजींना हाक मारून दाखवायला गेले तर म्हणाले, "आत्ता नको, आत्ता माझा बूट सापडत नाहीये."

१ नोव्हेंबर

सापडलं! सापडलं! सापडलं!

नीट लिहिते. आज सुट्टी. मन रमेना, म्हणून म्हटलं, निदान आपल्या घरच्या वाळवीला तरी भेटू. माझ्या लाकडी कपाटाच्या मागे लहानपणापासून मातीची एक नळी आहे. दर वर्षी भिंतीतून वाळवी तिच्यातून वर येते, दर वर्षी आई आरडाओरडा करते. कपाट सरकवलं. नळी कोरडी, फुटलेली, आत कुणी नाही. आतून कपडे बाजूला केले, तर मागच्या फळीला लावून माझे रोल ओळीने मांडलेले.

"आई! हे इथे कधीपासून?"

"तू आणलेस, म्हणजे मी आणले, तेव्हापासून. चारसहा काढून ठेवले. बघ ना, एक किडा नाही यंदा. आणि कपड्यांना कसा छान..." ती थांबली.

"छान काय?"

"काही नाही."

"आई, कपड्यांना छान काय?"

"तूच म्हणालीस तो शब्द काढायचा नाही."

"काढ!"

"वास!" आई ओरडली. "गुलाबाचा वास! घरभर येतोय. शेजारीण विचारून गेली, कुणाचं लग्न आहे का म्हणून!"

मी कपाटाला टेकून खालीच बसले. सुगंधी रोल! ही चूक आमच्या धंद्यात सोडून जगात कुणाला भोवणार नाही. सुगंधी कागद वाळवी तोंडात धरत नाही, पहिल्या वर्षाची पोरंही जाणतात. मी एक रोल नाकाला घट्ट धरला. काही नाही. शिंकोबांना फोन लावला.

"रोलांना वास येत होता?"

"पहिल्या दिवसापासून मॅडम. म्हणून तर शिंका. मला उग्र अत्तर सोसत नाही."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगत होतो. तुम्ही म्हणालात, जीपमध्ये तो विषय नको."

म्हणजे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांची तोंडं मीच बंद केली होती. आईवर मात्र फार चिडले. "बघून आणता येत नाही? दिसलं चकचकीत की उचललं," असं बरंच बोलले. एरवी एकाला चार ऐकवणारी ती, आज हूं की चूं केलं नाही. शिवणयंत्रावर जाऊन बसली आणि दोरा नसतानाच पायडल मारत राहिली. उशाशी उरलेल्या गोण्या फेकते म्हटलं तर तेवढं बोलली, "फेकू नकोस. असू देत तिथेच."

२ नोव्हेंबर

भाऊजींना सांगितलं. आधी पोट धरून हसले, मग गंभीर झाले. "म्हणजे पुन्हा महिना? मोठ्या बाईंना तूच सांग बाई." सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे चूक तुमची."

"हो. तपासायला हवं होतं."

"तुम्ही बोलला नसता तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

"मग त्या आकड्यांवर माझा आता विश्वास नाही आणि तुमच्यावर थोडा बसला," त्या म्हणाल्या. "बुलडोझर बाहेर निघेपर्यंत काय करायचं ते करा."

देव चिखलाचं भलं करो!

४ नोव्हेंबर

शिंकोबांना घेऊन दुकानात गेले. मी रोल त्यांच्या नाकाखाली धरायची, ते शिंकले की परत फळीवर. दुकानदाराला वाटलं आमच्या डोक्यावर परिणाम झालाय. शेवटी एका जातीच्या रोलाला ते शिंकले नाहीत. पुन्हा धरला, नाही. अगदी नाकाला घासून बघितला, नाही. "हेच," ते म्हणाले, आणि आम्ही दोघांनी दुकानातच टाळी दिली. आजच पुरले, जुन्या जागांपासून लांब.

भाऊजींनी यावेळी रबरात छोटे खड्डे खणायलाही परवानगी दिली. रोलावर फक्त लाकूड आणि पाचोळा खाणारी वाळवी येते. नुसती माती खाऊन जगणारी वेगळी असते, ती खड्ड्यातच शोधावी लागते. जंगल तुटलं की सगळ्यात आधी ती जाते. रबराच्या मळ्यात ती मला आजवर कधी मिळाली नाही, तेव्हा आशा नाही. पण बघायला काय जातंय?

२१ नोव्हेंबर

पाऊस उघडून कितीतरी दिवस झाले, तरी बुलडोझरभोवती तळं तसंच आहे. भाऊजी रोज सकाळी जाऊन त्याच्याकडे बघून येतात. ताई म्हणते, त्यात आता बेडूक झालेत. तिथली रबराची लहान झाडं पिवळी पडली आहेत. भाऊजींनी आपणहून विचारलं, "तुझी ती सळई जरा देशील का?"

२८ नोव्हेंबर

सकाळी उठताना क्षणभर काहीतरी वाटलं. साबणासारखं, की आजारपणातल्या औषधासारखं? लगेच गेलं. भास असणार. आईला बोलले नाही, उगाच तिच्या आशा वाढायच्या.

६ डिसेंबर

आज नवे रोल काढले.

भाऊजी आले होते, ताई आली होती, छत्री घेऊन, ऊन असो वा पाऊस ती छत्री सोडत नाही. सुरुवात लांबच्या रबरापासून केली. रोल अख्खे. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी रोल पिशवीत टाकले.

मग पट्ट्यालगतच्या रबरात गेलो. पहिला रोल उचलला आणि तो हलका लागला. उलटा केला. वर मातीचं पातळ पांघरूण, आत पोकळ, आणि त्या पोकळीत गजबज! कामकरी, सैनिक, सगळे पळताहेत. मी किंचाळले. ताईने छत्री टाकली. पुढचा रोल अर्धा, त्याच्या पुढचा नुसता पुठ्ठा. आणि जंगलात तर रोल शोधावेच लागले. जागेवर खूण म्हणून रोवलेली काठी होती, ती काठीसुद्धा खाल्लेली! शिंकोबा तिच्याकडे बघत म्हणाले, "आता आवडलं."

परतताना रबराच्या रांगेत एक जुना ओंडका दिसला, लागवडीच्या वेळी जाळायचा राहून गेलेला. त्याच्याखाली खड्डा घेतला. माती हातात कुस्करली, आणि तळहातावर पांढरट, मऊ, लहानशी वाळवी. पोट काळसर. कातडीतून पोटातली माती दिसत होती. माती खाणारी! रबरात!

मी तळहात डोळ्यांजवळ नेला. भाऊजींनी विचारलं, "काय झालं? चावली का?" मी मान हलवली आणि ती त्यांच्या तळहातावर ठेवली. समजावून सांगितलं, की ही जंगलाबाहेर पाऊल टाकत नाही असं मी स्वतः आजवर शिकवत आले. पट्टा जवळ आहे आणि हा ओंडका कुजायला राहिला, म्हणून ही इथवर आली. हिने ही माती भुसभुशीत केली. ज्या जमिनीत तुमचा बुलडोझर बुडाला, तिथे ही नाही.

ताई म्हणाली, "घ्या, तुमचा शत्रू." भाऊजी बराच वेळ हात न हलवता उभे होते. मग त्यांनी अगदी जपून तिला परत ओंडक्याखाली सोडलं.

१० डिसेंबर

जिंकलो!

मोठ्या बाई गुडघ्यापर्यंत बूट घालून आल्या. मी बोलण्यापेक्षा दाखवायचं ठरवलं होतं. दोन्ही बाजूंनी उघडा एक पत्र्याचा डबा घेतला, लांबच्या रबरात जमिनीत ठोकला आणि त्यात बादलीभर पाणी ओतलं. पाणी आमच्याकडे बघत बसलं. मग तोच डबा पट्ट्यालगत ठोकला, तेवढंच पाणी ओतलं. मी खाल्लेले रोल काढून दाखवेपर्यंत डबा रिकामा. मोठ्या बाईंनी वाकून आत बघितलं. स्वतः बादली उचलली, पुन्हा ओतलं. पुन्हा रिकामा. तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. दात फार सुंदर आहेत त्यांचे, लपवून का ठेवतात कोण जाणे.

ओहोळातल्या बुलडोझरजवळ उभं राहून त्यांनी निर्णय सांगितला. पट्टा राहणार. त्याची झाडी दोन्ही बाजूंनी वाढवायची. यापुढे रबराची जुनी झाडं काढली की ओंडके जाळायचे नाहीत, रांगांमध्ये कुजू द्यायचे. वाळवीचं औषध बंद. आणि बाकीच्या मळ्यांतही हीच पाहणी करायची, ती मी.

मग भाऊजींकडे वळून म्हणाल्या, "तुमचं काय मत?"

"मी तर पहिल्यापासून म्हणत होतो," भाऊजी म्हणाले.

ताई इतकी हसली, की तिला शिंकोबांनी पाणी आणून दिलं. भाऊजींवर नवं काम सोपवलंय, सगळ्या मळ्यांची जमीन सुधारायचं. म्हणजे बढतीच ती. पण ताईच नको म्हणाली शहरात. पट्टा राहिला, आता ती कुठे हलतेय?

घरी आले. पायांना चिखल, केसात पाचोळा. आईला दारातूनच सांगितलं, ती यंत्रावर होती, हात जोडून वर बघितलं तिने. आंघोळ केली, कपाटातून धुतलेला सदरा काढला, डोक्यातून घातला आणि तिथेच थबकले.

"आई, ते रोल काढ बरं आता कपाटातून. किती उग्र वास आहे हा! मळमळतंय मला. गुलाब म्हणे! असला कसला गु..."

यंत्र थांबलं.

आई दारात आली. हातात शिवायचं कापड तसंच. "काय म्हणालीस?"

मी सदरा नाकाशी धरला. पुन्हा धरला. होता! स्वस्तातला, गोडमिट्ट, डोकं उठवणारा, आणि होता!

आई खाली बसली आणि रडायला लागली. मी विचारत राहिले, तेव्हा हुंदक्यांमधून एकेक बाहेर आलं. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, वास रोज नाकात गेला पाहिजे, नाहीतर कायमचा जाईल. मी बाटल्या उघडत नव्हते. दुकानात बिनवासाचेही रोल होते. तिने मुद्दाम गुलाबाचे घेतले. "म्हटलं, दिवसभर हाताळशील, झोपताना उशाला असतील. माती उकरणाऱ्या किड्यांना वासाचं काय कळणार, असं वाटलं गं मला. तुझं सगळं काम मीच बुडवत होते."

"मग मी एवढं बोलले तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू गोण्या फेकल्या असत्यास."

फेकल्याच असत्या. म्हणजे त्या उशाला का होत्या, उशीची खोळ तोंडात का येत होती, दूध का करपत होतं, ते मला आज कळतंय! मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि तिच्या मानेत नाक खुपसलं. शिवणयंत्राचं तेल, खडू, आणि त्याच्याखाली आई. वर्षभर तिच्याच घरात राहून मला ती मिळाली नव्हती. मग आम्ही दोघी खूप रडलो आणि त्याहून जास्त हसलो.

उद्या सकाळी जंगलात जाणार आहे, ओंडक्याखालची माती हातात घेऊन हुंगायला. आई म्हणते, मीही येते, ज्यांनी माझे रोल नाकारले त्यांना बघायचंय मला. शिंकोबांना फोन केला, येताना लिंबू, साबण, पेट्रोलचा बोळा, काय सापडेल ते घेऊन या म्हटलं. उद्या जीपमध्ये दुसरा विषयच निघणार नाही.